पश्चिमेकडील बर्फ : एका महाविद्यालयीन हॉकी संघटनेची सात दशके

संस्थांचे इतिहास आपल्याकडे बहुधा स्मरणिकांतून लिहिले जातात. संस्थापकांची छायाचित्रे, पायाभरणीचा समारंभ, देणगीदारांची यादी, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असा त्यांचा ठरलेला क्रम असतो, आणि बखरीपेक्षा ते फारसे वेगळे नसतात. अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांत जिला 'कॉन्फरन्स' म्हणतात त्या संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मात्र यातील कोणतीच सामग्री हाताशी येत नाही. कॉन्फरन्सला स्वतःचे मैदान नसते, खेळाडू नसतात, प्रेक्षकही नसतात. हे सारे विद्यापीठांचे असते. आपण एकमेकांशी वर्षातून किती सामने खेळू, कोणत्या नियमांनी खेळू आणि हंगामाच्या अखेरीस चषक कोणाच्या हाती जाईल, एवढ्यापुरता काही विद्यापीठांनी आपापसांत केलेला करार म्हणजे कॉन्फरन्स. अशा कराराला इतिहास असतो काय? आमच्या मते असतो, आणि करार मोडतो तेव्हा तो अधिक स्पष्ट दिसतो. या लेखाचा विषय असलेली 'वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन', अर्थात डब्ल्यूसीएचए, या दृष्टीने मोठी बोलकी संस्था आहे. कारण ती एकदा नव्हे, अनेकदा मोडली.

'हॉकी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि ध्यानचंद येतात. येथे विषय आहे तो बर्फावरील हॉकीचा. एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू, पायांत धारदार पात्यांचे जोडे, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ मूळचा कॅनडाचा. अमेरिकेत तो उतरला तो उत्तरेकडील थंड राज्यांत. पूर्व किनाऱ्यावरील जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठांनी तो आधी उचलला. 'वेस्टर्न' या विशेषणाने आपली फसगत होऊ नये: मिशिगन आणि मिनेसोटा ही राज्ये नकाशात पश्चिमेस नाहीत, ती केवळ बोस्टनच्या पश्चिमेस आहेत. नाव कोणाच्या दृष्टिकोनातून पडते याचा हा एक लहानसा नमुना.

या संघटनेचा चषक संघटनेहून जुना आहे. मिशिगन राज्याच्या उत्तरेस सुपीरियर सरोवरात घुसलेले एक द्वीपकल्प आहे, त्यास 'कॉपर कंट्री' म्हणजे तांब्याचा मुलूख म्हणतात. तेथे वर्षाकाठी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडते. याच भागातील हॉटन गावी १९०४ मध्ये उघडपणे पगार देऊन खेळाडू ठेवणारी पहिली हॉकी लीग उभी राहिली; खाणींतून पैसा होता, लांबलचक हिवाळा होता आणि करमणुकीचे दुसरे साधन नव्हते. शेजारच्या कॅल्युमेट गावचे जेम्स मॅकनॉटन यांनी १९१३ मध्ये हौशी संघांसाठी चांदीचा एक उंच चषक दिला. पुढे तोच 'मॅकनॉटन कप' या संघटनेच्या साखळी विजेत्याचा मानचिन्ह झाला. हे मॅकनॉटन 'कॅल्युमेट अँड हेक्ला' या बलाढ्य तांबे कंपनीचे सरव्यवस्थापक होते. १९१३ च्या जुलैत तेथील खाणकामगारांनी संप पुकारला तो याच कंपनीसह त्या भागातील खाणमालकांविरुद्ध. आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपकऱ्यांच्या मुलांसाठी भरलेल्या मेळाव्यात कोणीतरी 'आग' अशी खोटी आरोळी ठोकल्याने 'इटालियन हॉल'च्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ७३ माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य मुले होती. वुडी गथ्री यांचे '१९१३ मॅसेकर' हे गीत याच घटनेवर आहे. एकाच वर्षी, एकाच गावी, एक चषक आणि एक शोकगीताचा विषय. चषकाची महती सांगताना ही दुसरी हकीकत सहसा सांगितली जात नाही. आम्हास मात्र ती वगळून पुढे जाणे प्रशस्त वाटले नाही.

आता मूळ संघटनेकडे. १९४८ पासून एनसीएए, म्हणजे अमेरिकन विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था, हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा भरवू लागली. पहिली दहा वर्षे ही स्पर्धा कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर या आलिशान हॉटेलच्या बर्फगृहात होत असे. चार संघ, दोन पूर्वेचे, दोन पश्चिमेचे. पहिले विजेतेपद मिशिगनने डार्टमथला ८-४ असे हरवून मिळवले. पूर्वेकडे परंपरा होती. पश्चिमेकडे संघ थोडे आणि अंतरे अफाट. डेन्व्हरहून मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. तरीही १९५१ मध्ये सात विद्यापीठे एकत्र आली: मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, डेन्व्हर आणि कोलोरॅडो कॉलेज. नाव 'मिडवेस्ट कॉलेजिएट हॉकी लीग'. दोन वर्षांत ते बदलून 'वेस्टर्न इंटरकॉलेजिएट हॉकी लीग' झाले. विक हेलिगर यांच्या मार्गदर्शनाखाली मिशिगनने १९४८ ते १९५६ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली; १९५७ च्या अंतिम सामन्यात कोलोरॅडो कॉलेजने त्याच मिशिगनवर १३-६ असा विजय मिळवला. इथवर सारे स्मरणिकेला साजेसे आहे.

भांडण निघाले ते खेळाडू कोठून आणावेत या प्रश्नावर. कॅनडात सोळा-सतरा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंतची मुले 'ज्युनियर' लीगमध्ये खेळत. तेथून व्यावसायिक संघात ज्याला जागा मिळाली नाही असा एकवीस-बावीस वर्षांचा, शरीराने भरलेला, शेकडो सामने खेळलेला तरुण अमेरिकन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर प्रथम वर्षास येई. समोर अमेरिकन शाळेतून नुकताच बाहेर पडलेला अठरा वर्षांचा मुलगा. सामना कसा होणार हे सांगावयास नको. डेन्व्हरचे प्रशिक्षक मरे आर्मस्ट्राँग स्वतः कॅनडातले, एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले आणि रेजायना येथील ज्युनियर संघाचे माजी प्रशिक्षक. १९५६ मध्ये ते डेन्व्हरला आले, आपल्या ओळखीच्या प्रदेशातून खेळाडू आणले आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दाखवले.

त्यांच्या विरोधात उभे राहिले मिनेसोटाचे प्रशिक्षक जॉन मारिउची. या गृहस्थांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या संपूर्ण इतिहासाची नैतिक बाजू जर कोणी मांडली असेल तर ती त्यांनी. मारिउची मिनेसोटाच्या उत्तरेकडील 'आयर्न रेंज' या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातले, एव्हलेथ गावचे. इटालियन, फिन, स्लाव्ह अशा नाना देशांतून खाणकामासाठी आलेल्या कुटुंबांची ती वस्ती. मारिउची स्वतः इटालियन घरातले. मिनेसोटा विद्यापीठात शिकून ते शिकागो ब्लॅक हॉक्सकडून एनएचएलमध्ये खेळले. त्या काळी त्या लीगमध्ये अमेरिकेत जन्मलेला खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. १९५६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने रौप्यपदक मिळवले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकन विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या जर ज्युनियर लीगमधून आलेल्या वयस्क खेळाडूंनाच मिळणार असतील, तर आमच्या गावांतील मुलांनी हा खेळ शिकावा तरी कशासाठी? शिकून पुढे जाण्याची वाटच बंद आहे.

या म्हणण्याला 'भूमिपुत्रां'च्या राजकारणाचा वास येतो, हे आम्ही नाकारत नाही. मराठी वाचकास तर तो चटकन येईल. सीमेपलीकडचा तो एकवीस वर्षांचा मुलगाही बहुधा एखाद्या गहू पिकवणाऱ्या किंवा खाणीच्या गावातलाच असे आणि त्याला पदवी मिळण्याचा दुसरा मार्ग नसे. आर्मस्ट्राँग यांच्या संघातील मुले शिकून बाहेर पडली, हेही तितकेच खरे. तथापि मारिउची यांचा मुद्दा जन्मभूमीइतकाच वयाचा आणि अनुभवाचा होता, आणि आज मागे वळून पाहता त्यांच्या हट्टाशिवाय मिनेसोटातील शाळाशाळांतून हॉकी ज्या प्रमाणात रुजली तशी ती रुजती असे आम्हास वाटत नाही. दोन्ही बाजूंना न्याय होता, म्हणूनच भांडण मिटले नाही. १९५८ मध्ये मिनेसोटा आणि मिशिगनमधील तीन विद्यापीठे बाहेर पडली आणि लीग संपुष्टात आली.

१९५८-५९ चा हंगाम संघटनेविना गेला. गंमत अशी की त्या अनाथ वर्षीही राष्ट्रीय अंतिम सामना नॉर्थ डकोटा आणि मिशिगन स्टेट या पश्चिमेच्याच दोन संघांत झाला आणि जादा वेळेत नॉर्थ डकोटाने तो ४-३ असा जिंकला. एकत्र राहून जे मिळवले तेच विभक्त राहूनही मिळाले! परंतु सामन्यांचे वेळापत्रक लावणे, पंच ठरवणे, प्रवासाचा खर्च भागवणे ही कामे गौरवाने होत नाहीत. १९५९ मध्ये तीच सात विद्यापीठे पुन्हा एकत्र आली आणि 'डब्ल्यूसीएचए' हे नाव धारण केले. या समेटात एक पळवाट ठेवलेली होती: प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. परिणामी मिनेसोटा आणि डेन्व्हर एका संघटनेचे सभासद असूनही मारिउची यांच्या कारकिर्दीत साखळीतले सामने परस्परांशी खेळत नसत. एकाच पंगतीत बसून एकमेकांना वाढावयाचे नाही, असला हा प्रकार.

पुढील सात वर्षांत, १९६० पासून १९६६ पर्यंत, राष्ट्रीय विजेतेपद एकदाही या संघटनेबाहेर गेले नाही. डेन्व्हर दोनदा, मिशिगन टेक दोनदा, नॉर्थ डकोटा, मिशिगन आणि मिशिगन स्टेट प्रत्येकी एकदा. १९६१ च्या अंतिम सामन्यात डेन्व्हरने सेंट लॉरेन्सवर १२-२ अशी मात केली. त्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरलेला डेन्व्हरचा बिल मास्टरटन विनिपेगचा होता. १९६८ च्या जानेवारीत एनएचएलच्या सामन्यात बर्फावर डोके आपटून तो दगावला, आणि त्याच्या नावाचा पुरस्कार आजही त्या लीगमध्ये दिला जातो. मिशिगनचा रेड बेरेन्सन १९६२ मध्ये विद्यापीठाचा हंगाम संपताच थेट मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून खेळावयास उतरला; तोवर विद्यापीठातून मोठ्या लीगमध्ये जाण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. १९६५ च्या विजयी मिशिगन टेक संघात टोनी एस्पोसिटो हा पुढे गाजलेला गोलरक्षक होता. आर्मस्ट्राँग यांच्या खात्यावर शेवटी पाच विजेतेपदे जमा झाली. मारिउची १९६६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर एकही नव्हते.

आकड्यांचा इतिहास येथे आर्मस्ट्राँग यांना विजयी घोषित करून मोकळा होतो. परंतु मारिउची यांच्या हाताखाली १९५० च्या दशकात खेळलेल्या मुलांत सेंट पॉलचा हर्ब ब्रुक्स नावाचा एक तरुण होता. १९६० च्या ऑलिम्पिक संघातून त्याला अगदी शेवटच्या क्षणी वगळण्यात आले आणि त्या संघाने सुवर्णपदक जिंकले. ब्रुक्स पुढे मिनेसोटाचे प्रशिक्षक झाले. १९७४ मध्ये त्यांनी विद्यापीठास पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, नंतर १९७६ आणि १९७९ मध्ये आणखी दोन. त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी होता १९६९ मध्ये संघटनेत आलेल्या विस्कॉन्सिनचा प्रशिक्षक बॉब जॉन्सन. विस्कॉन्सिनने त्यांच्या काळात १९७३, १९७७ आणि १९८१ ही वर्षे घेतली. या दोघांचे परस्परांशी पटत नसे. एकाचा स्वभाव बर्फासारखा, दुसरा सदा उत्साहाने उतू जाणारा.

२२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथे अमेरिकेच्या विद्यार्थी-खेळाडूंनी सोव्हिएत संघास ४-३ असे हरवले. ही घटना अमेरिकन लोकस्मृतीत 'चमत्कार' या नावाने गोठलेली आहे; २००४ मध्ये त्यावर 'मिरॅकल' याच नावाचा चित्रपट निघाला. (हा अंतिम सामना होता असे अनेकांना वाटते, तो नव्हता. सुवर्णपदकासाठी दोन दिवसांनी फिनलंडला ४-२ असे हरवावे लागले.) चमत्काराच्या कथेला पात्रे लागतात ती अनामिक, निरागस आणि अचानक उगवलेली. शीतयुद्धाच्या त्या वर्षी अमेरिकन वृत्तपत्रांना अशीच कथा हवी होती. पण खेळाडूंची यादी काढून बसले की चमत्काराचा धूर विरळ होतो. वीस जणांच्या त्या संघात नऊ मिनेसोटा विद्यापीठाचे, दोन विस्कॉन्सिनचे, दोन मिनेसोटा-डुलुथचे आणि एक नॉर्थ डकोटाचा: म्हणजे चौदा खेळाडू एकट्या डब्ल्यूसीएचएचे. प्रशिक्षक ब्रुक्स अर्थातच तेथलेच. सोव्हिएत संघावरील चार गोलांपैकी दोन केले ते विस्कॉन्सिनच्या मार्क जॉन्सनने, ज्याच्या वडिलांशी ब्रुक्स यांचे हाडवैर प्रसिद्ध होते. पहिला गोल मिनेसोटाच्या बझ श्नायडरचा. निर्णायक चौथा गोल बोस्टन विद्यापीठाच्या माइक इरुझिओनीचा, आणि छायाचित्रे त्याचीच छापली गेली. पण त्याच्याकडे चकती सरकवली होती डुलुथच्या मार्क पॅव्हेलिचने. हा पॅव्हेलिच एव्हलेथचा. मारिउची यांच्या गावचा.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. आम्ही सोडून देत नाही. बावीस वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यावर एक लीग मोडली, त्या मुद्द्याचे उत्तर त्या यादीत आहे. खाणीच्या गावातील मुलगा हॉकी शिकून कोठे जाईल, असे मारिउची विचारत होते. तो लेक प्लॅसिडला गेला. आणि हेही नमूद केले पाहिजे की त्या मुलांना ज्यांच्याविरुद्ध खेळून खेळ शिकता आला त्यांत कॅनडाहून आलेले कित्येक जण होते. दोन्ही प्रशिक्षकांनी, एकमेकांचे तोंड न पाहता, मिळून केलेले हे काम आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांविषयी थोडक्यात लिहितो. १९८१ मध्ये मिशिगन, मिशिगन स्टेट, मिशिगन टेक आणि १९७१ मध्ये आलेले नोत्र दाम ही चार विद्यापीठे शेजारच्या सीसीएचए या संघटनेत गेली. मिशिगन टेक तीन वर्षांत परतले. सेंट क्लाउड स्टेट, अलास्का-अँकरेज, मंकेटो येथील मिनेसोटा स्टेट असे नवे सभासद येत राहिले. १९९१ चा अंतिम सामना नॉर्दर्न मिशिगनने बोस्टन विद्यापीठाविरुद्ध तिसऱ्या जादा भागात ८-७ असा जिंकला. जाणकार त्यास आजही मोठ्या सामन्यांत गणतात. २००२ पासून २००६ पर्यंत सलग पाच विजेतेपदे पुन्हा याच संघटनेकडे आली. त्यांतले २००५ हे वर्ष शिखराचे: राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीतील चारही संघ, डेन्व्हर, नॉर्थ डकोटा, कोलोरॅडो कॉलेज आणि मिनेसोटा, एकाच संघटनेचे होते. असे पूर्वी कोणत्याही संघटनेच्या बाबतीत घडले नव्हते. २०११ मध्ये डुलुथने मिशिगनला जादा वेळेत ३-२ असे हरवले, आणि मूळ लीगपासून मोजता सभासद विद्यापीठांच्या पुरुष संघांची ही सदतिसावी राष्ट्रीय विजेतेपदाची नोंद ठरली. सदतीसमध्ये १९५९ चे ते अनाथ वर्ष धरले आहे. न धरल्यास छत्तीस.

ती शेवटचीच ठरली. १९५८ चे भांडण तत्त्वाचे होते, २०११ चे पैशाचे. त्यामुळे त्यात कोणी कोणावर रागावलेसुद्धा नाही. २०१० मध्ये पेन स्टेट विद्यापीठास हॉकीसाठी ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी मिळाली आणि तेथे संघ उभा राहणार असे ठरले. त्याबरोबर 'बिग टेन' या बलाढ्य, मुख्यतः फुटबॉलवर पोसलेल्या संघटनेत हॉकी खेळणारी सहा विद्यापीठे झाली, म्हणजे स्वतंत्र हॉकी लीग काढण्याइतकी. बिग टेनची स्वतःची दूरचित्रवाहिनी २००७ पासून चालू होती आणि हिवाळ्याच्या रात्री तिला दाखवावयास काहीतरी हवेच होते. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन २०१३ मध्ये तिकडे गेले. मागे राहिलेल्यांपैकी सामर्थ्यवानांनी, म्हणजे नॉर्थ डकोटा, डेन्व्हर, कोलोरॅडो कॉलेज, डुलुथ, सेंट क्लाउड आणि नेब्रास्का-ओमाहा यांनी, बाहेरच्या दोघांस घेऊन एनसीएचसी ही नवी संघटना स्थापन केली. वाताहत झालेल्या सीसीएचएचे उरलेले सभासद डब्ल्यूसीएचएत आले. नाव तेच राहिले, चषक तोच राहिला, माणसे बदलली. २०१४ ते २०२५ या काळात पुरुषांच्या अकरा राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, त्यांपैकी सहा डब्ल्यूसीएचए सोडून एनसीएचसीत गेलेल्या विद्यापीठांनी जिंकल्या. बिग टेनला त्या अवधीत एकही नाही. वाहिनीसाठी हलवलेले वैभव वाहिनीवर दिसले नाही, एवढे म्हणण्याचा मोह आम्हास आवरत नाही.

उरलेल्या दहा सभासदांत तीन फार दूरचे होते: अलास्कातील दोन आणि अलाबामातील हंट्सव्हिल. जून २०१९ मध्ये बाकीच्या सात विद्यापीठांनी आपण वेगळे होत असल्याचे जाहीर केले. भौगोलिक जवळीक साधावयाची आहे, असे कारण दिले गेले. त्यांनी नव्या संघटनेस बंद पडलेल्या सीसीएचएचेच नाव दिले, आणि जाताना मॅकनॉटन कपही नेला. २०२१ मध्ये डब्ल्यूसीएचएचा पुरुष विभाग संपला. हंट्सव्हिलचा संघ त्याच वर्षी थांबला. अँकरेजने संघ बंद करण्याचे ठरवले होते, पण गावकऱ्यांनी आणि माजी खेळाडूंनी सुमारे तीस लाख डॉलर गोळा करून तो २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. या प्रसंगावर एखादी कादंबरी बेतावी असा तो आहे. ज्या संघटनेने त्यांना सोडले तिच्या इतिहासात मात्र तो तळटीपेतही येत नाही.

येथे लेख संपावयास हरकत नव्हती, आणि पुष्कळ लेख येथे संपतातही. 'डब्ल्यूसीएचए १९५१-२०२१' असे लिहून खाली रेघ ओढली जाते. वस्तुस्थिती अशी की संघटना संपलेली नाही. १९९९ मध्ये तिने महिलांसाठी विभाग काढला: मिनेसोटा, डुलुथ, विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट, सेंट क्लाउड, मंकेटो आणि बेमिजी. पूर्व किनाऱ्यावर मुलींची हॉकी जुनी. ब्राउन विद्यापीठात ती १९६० च्या दशकापासून खेळली जात होती. पश्चिमेकडील बहुतेक संघ मात्र नुकतेच जन्मलेले. एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २००१ मध्ये सुरू केली, आणि २००१ पासून २०१३ पर्यंतची सर्वच्या सर्व तेरा विजेतेपदे या विभागाने घेतली. २०२५ पर्यंत चोवीस स्पर्धा झाल्या (२०२० ची महासाथीमुळे झाली नाही). एकवीस डब्ल्यूसीएचएच्या, उरलेल्या तीन न्यूयॉर्क राज्यातील क्लार्कसनच्या. विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, डुलुथ पाच, ओहायो स्टेट दोन. मिनेसोटाचा २०१२-१३ चा संघ ४१ सामने खेळला आणि ४१ जिंकला. पुरुषांच्या साठ वर्षांत सदतीस आणि येथे पाव शतकात एकवीस: प्रमाण वाचकांनीच काढावे.

या यशाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची दोन उदाहरणे देतो. डुलुथची पाचही विजेतेपदे शॅनन मिलर यांच्या मार्गदर्शनाखालची. २०१४ च्या डिसेंबरात त्यांचा करार पुढे चालवला जाणार नाही असे विद्यापीठाने सांगितले, कारण आर्थिक. मिलर न्यायालयात गेल्या आणि २०१८ मध्ये ज्यूरीने लिंगभेद व सूडबुद्धीचा दावा मान्य करून ३७ लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली. दुसरे उदाहरण नॉर्थ डकोटाचे. २००४ पासून या विभागात खेळणारा तेथील महिला संघ २०१७ च्या मार्चमध्ये खर्चकपातीत बंद करण्यात आला. त्याच गावी पुरुष संघासाठी शंभर दशलक्ष डॉलरहून अधिक खर्चाचे, ग्रॅनाइट आणि चामड्याच्या आसनांनी सजलेले क्रीडागृह २००१ पासून उभे आहे. संघ बंद झाल्यावर वर्षही पुरते लोटले नव्हते तेव्हा प्योंगचांग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडास हरवले. बरोबरीचा गोल मोनिक लामुरूचा, आणि शूटआउटमधील निर्णायक गोल तिची जुळी बहीण जोसलिन हिचा. दोघीही नॉर्थ डकोटाच्या त्या बंद झालेल्या संघाच्या.

विस्कॉन्सिनच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद २००२ पासून मार्क जॉन्सन यांच्याकडे आहे. होय, तेच: सोव्हिएत संघावर दोन गोल करणारे, बॉब जॉन्सन यांचे चिरंजीव. वडिलांनी पुरुष संघास तीन विजेतेपदे दिली. मुलाने महिला संघास आठ. त्यांची ओळख करून देताना वृत्तपत्रे अजूनही प्रथम १९८० लिहितात.

त्या आठांपैकी आठवे २३ मार्च २०२५ रोजी मिनियापोलिसमधील रिडर अरीना येथे मिळाले. अमेरिकेत खास विद्यापीठीय महिला हॉकीसाठी बांधलेले ते पहिले क्रीडागृह. समोर गतविजेते ओहायो स्टेट, तेही याच संघटनेचे. सामना संपावयास काही सेकंद उरले असताना विस्कॉन्सिन एका गोलने मागे होते. जॉन्सन यांनी पंचांकडे दाद मागितली, चित्रफीत पाहिली गेली, आणि पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्सने तो गोलात घातला. जादा वेळ सुरू होऊन तीन मिनिटे होण्याआधी पुन्हा तिनेच गोल केला आणि सामना ४-३ असा संपला.